तो कोकडा नव्हता

टमाटराचं पान वाकडं झालं की आमच्या गावात एकच नाव, कोकडा. पान चुरडलं, कोकडा. पान पिवळं पडलं, कोकडा. पाणी जास्त झालं अन् झाड मलूल पडलं, तरी कोकडाच. अरे बाप्पा, देवानं डोळे कायले दिले? झाडाजवळ बसा, पान उलटून पाहा, मग तोंड उघडा. पण नाही. धुऱ्यावर, बांधावर उभं राहायचं, गालात तंबाखूचा खर्रा धरायचा अन् दुरूनच फैसला सुनवायचा. अशा फैसल्यांनी माह्या घरात काय झालं ते सांगते.

मी गोपिका. हिंगण्याच्या पुढं आमचं गाव. घराच्या मागंच वाडी आहे अन् वाडीच्या त्या टोकाले गहू. कापूस, तूर, गहू माहा नवरा पाहते, वामनराव. वाडी मी पाहते. मी या घरात आली तेव्हा सासूबाई टमाटराले भेदरं म्हणत, तेव्हापासून या मातीत माहे हात आहेत. म्हणून सांगता सांगता माहा आवाज चढला तर चढू द्या. मले राग आलेला आहे, अन् तो उतरावा असं मले वाटतही नाही.

मार्गशीर्ष लागला तेव्हा माह्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. नागपूरच्या डॉक्टरीणबाईनं बजावलं, धूळ नको, ऊन नको, वाकायचं नाही, वाडीत तर पाऊलही टाकायचं नाही. काळा चष्मा देऊन मले खाटेवर बसवलं. वाडी काजलवर आली.

काजल माही सून, जितेंद्रची बायको. कामठीची पोरगी, बाप पॉवरलूमवर. मागाच्या खडखडाटात वाढलेली. मातीत हात घालणं तिनं इथं येऊन शिकलं. पहिल्या वर्षी तिले मावा कोणता अन् पांढरी माशी कोणती हे कळत नव्हतं. मी तिले ओळीओळीनं फिरवलं. म्हटलं, हा बघ, करपा. खालच्या जुन्या पानावर भुरा ठिपका, अन् ठिपक्यात चकलीसारखे वेढे. हे पांढऱ्या रेघोट्या मारल्यासारखं पान, ही नागअळी. अर्धी फळात अन् अर्धी बाहेर ती पोखरणारी अळी. झाड भर दुपारी मान टाकते, सांजेले सावरते, अन् एक दिवस सावरतच नाही, ती मर. बुडाशी खोड चिरलं तर आत भुरकं दिसते. अन् टमाटराचं बूड काळं पडलं तर घाबरू नको, तो रोगच नाही. एक दिवस पाणी लोटलं, मग चार दिवस विसरलं, त्याची ती शिक्षा.

अन् कोकडा म्हटलं तर तो सगळ्या वाडीत एकदम येत नाही. आधी इथं एक झाड, तिथं एक झाड. पानं वाटीसारखी वर वळतात, बारीक होतात, कडा पिवळ्या पडतात, झाड खुजं राहते. फांदी हलवली की पांढरी माशी भुर्रकन उडते, तीच हा रोग या झाडावरून त्या झाडावर नेते. काजलनं हे सगळं पाठ केलं. मले तिचं मोठं कौतुक होतं. तिच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, ती गोष्ट वेगळी.

तर मी अशी खाटेवर पडलेली, अन् बुधवारी चंद्रकलाबाई आल्या. वामनरावांची मोठी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहतात. आमच्या घरात काही बिघडलं की त्यांचे पाय आपोआप इकडं वळतात.

"गोपिका, वाडी गेली वं," त्या दारातूनच म्हणाल्या. "कोकडा आला. अन् कोणाच्या पायगुणानं आला ते विचार."

"कोणाच्या?"

"तुह्या सुनेच्या! रविवारी ती वाडीत होती. मी धुऱ्यावरून चालली होती, माह्या डोळ्यानं पाहिलं. अन् होती कशी? बाहेरची! शनिवारी माह्या घरी कुंकवाले बोलावलं तर म्हणे, आत्या, अडचण आहे. कुंकवाले अडचण अन् वाडीत मात्र चालते? भेदऱ्याले विटाळ सहन होत नाही, हे काय मी तुले सांगू?"

माह्या डोक्यात सणकच गेली. मी म्हटलं, "बाई, अर्धा जनम मीही महिन्याच्या महिन्याले बाहेर बसली. मी बाहेर बसली असतानाही या वाडीत करपा आला, मर आली, अळीनं फळं पोखरली. ते कोणाच्या विटाळानं आलं? तुमच्या भावाच्या?"

"तोंड सांभाळ," त्या म्हणाल्या. पण ठरवून आल्या होत्या. गुरुवारी सकाळी काजलनं डोक्यावरून पाणी घ्यायचं, ओलेत्यानं वाडीले पाच फेरे मारायचे, नारळ फोडायचा अन् गल्लीतल्या चार बायांसमोर म्हणायचं, माह्यानं चुकलं. झालं. मग वाडीचा कोप उतरते.

मार्गशीर्षातली थंडी. सकाळी तोंडातून वाफ निघते, अन् त्या पोरीनं ओल्या साडीत वाडी फिरायची! मी वामनरावांकडं पाहिलं. ते दाराच्या चौकटीले टेकून उभे होते. माणूस मनानं वाईट नाही, पण बहिणीसमोर त्यांची जीभ टाळूले चिकटते.

"वाद कायले वाढवतं गोपिका," ते म्हणाले. "एका सकाळचं तर काम आहे."

संध्याकाळी जितेंद्र आला. हिंगण्याच्या कंपनीत कामाले आहे, कामाची पाळी बदलते, मधातल्या वेळात फवारणी-पाणी तोच पाहते. मले वाटलं, नवरा आहे, बायकोची बाजू घेईल. त्यानं बुटांची लेस सोडता सोडता मान वरही केली नाही. "करून टाकू दे ना आई. तिचं काय जाते? मी औषधाच्या दुकानात पानाचा फोटो दाखवला, दुकानदारही म्हणाला कोकड्याचा व्हायरसच दिसते."

"एका पानाचा?"

"हाव."

"एक पान पाहून तर कोणी काहीही म्हणन. वाडी कशी दिसते ते सांगितलं का त्याले?"

"आई, तू आराम कर ना," तो म्हणाला अन् मोबाईल घेऊन आत गेला.

मी काजलजवळ गेली. ती गॅसपाशी उभी राहून भाकर थापून राहिली होती. माह्याकडं पाहिलं नाही. मी विचारलं, "तू बाहेरची होती तं वाडीत काहून गेली वं? चंद्रकलाबाईचा स्वभाव तुले माहीत नाही काय?"

"मी नाही गेली. यांनी बोलावलं." ती हळूच बोलली, आतल्या खोलीकडं पाहत. "फवारणी करून राहिले होते. दोनच्या ड्यूटीले उशीर होऊन राहिला होता. म्हणाले, टाक्यावरून पाणी आणून दे पंपात. मी म्हटलं, मी बाहेरची आहे. म्हणाले, कोण पाहून राहिलं, ये लवकर."

"मग हे सांग ना आत्याले!"

"यांनी नको म्हटलं. म्हणाले, फुकट माह्या नावानं बोंब होईल."

मले असं वाटलं, तवाच उचलावा. मी म्हटलं, "काजल, फिरू नको. मी सांगून ठेवते. एकदा स्वतःच्या तोंडानं 'माह्यानं चुकलं' म्हटलं ना, मग ते चार बायांच्या पदराले बांधलं जाते. उद्या म्हैस आटली तरी तूच, नवऱ्याची नोकरी गेली तरी तूच, पोर आजारी पडलं तरी तूच. म्हातारी होशील तरी म्हणतील, हीच ती, हिनंच वाडी जाळली होती."

"अन् नाही फिरली तर?" तिनं भाकर तव्यावर टाकली. "तरी तेच म्हणतील ना आई. वरून म्हणतील, माजली आहे. माह्या मायबापाले बोलावतील. माहा बाप इथं येऊन हात जोडन, ते मले पाहवणार नाही. त्यापेक्षा मी फिरते."

ती खोटं बोलत नव्हती. पण एक गोष्ट माह्या डोक्यात खिळ्यासारखी बसली. ती वाडी मी पाहिलीच नव्हती. सगळे मले सांगून राहिले होते, कोकडा, कोकडा, अन् मी खाटेवर बसून ऐकून राहिली होती. भाड मे गया आराम!

गुरुवारी उजाडताच मी काळा चष्मा चढवला, अंगावर शाल घेतली अन् कोणाले न सांगता मागच्या दारानं वाडीत गेली.

टाक्याजवळच्या पहिल्या ओळी पाहिल्या. शेंडेच्या शेंडे पिळलेले. कोणी ओलं धुणं पिळून तसंच ठेवावं तसे. पानं पातळ, दोरीसारखी अरुंद, शिरा एकमेकीच्या अंगावर आलेल्या. देठ खाली वाकून पुन्हा वर वळलेले. फुलं गळालेली. धुऱ्यावरून पाहणारा कोकडाच म्हणन, त्याले दोष नाही. पण मी धुऱ्यावर नव्हती. मी खाली बसली.

पान उलटलं. माशी नाही. फांदी धरून हलवली, एकही उडाली नाही. कडा पिवळ्या नाहीत. झाड खुजं नाही, परवापर्यंत मस्त वाढलेलं अन् अचानक शेंड्यातून पिळलेलं. अन् मुख्य म्हणजे ओळीत एकही झाड सुटलेलं नाही. रोग असा हजेरी घेतल्यासारखा रांगेनं येत नाही. मग माही नजर खाली गेली. दोन झाडांच्या मधात गाजरगवत उगवलं होतं. तेही तसंच पिळलेलं. कोकडा टमाटराले येते, मिरचीले येते. पण वाडीतल्या यच्चयावत गवताले एकाच दिवशी आलेला कोकडा मी जन्मात पाहिला नाही.

तशीच पुढं गेली. काही ओळी गेल्या अन् पीळ एकदम कमी झाला. आणखी काही ओळी, तिथं नुसते शेंडे जरासे वळलेले. अन् गव्हाकडच्या शेवटच्या ओळी हिरव्यागार, फुलं लागलेली, लेकराच्या मुठीएवढी फळं धरलेली. त्यांना काही म्हणता काही झालेलं नाही. पीळ पायरी-पायरीनं उतरत गेला होता. एक पंप संपते तिथं एक पायरी. दुसरा संपते तिथं दुसरी. टाक्यावर पंप भरायचा अन् तिथूनच फवारत निघायचं, हीच आमची रीत. पंपाच्या तळाले जे काही राहिलं होतं ते दर भरणीले पातळ होत गेलं होतं.

मले समजलं होतं, तरी मी धुरा ओलांडून गव्हात गेली. गहू ताठ उभा होता. पण गव्हातला चंदनबटवा, जो दरवर्षी माजते, तो आडवा पडलेला, देठ पिळून. अगदी माह्या टमाटरासारखा. तणाचं औषध मारलं होतं. ते गव्हाले काही करत नाही, रुंद पानाच्या झाडाले मारते. अन् टमाटर बिचारं रुंद पानाचंच!

आमच्या वाडीतल्या झोपडीत दोन पंप आहेत. नियम माहाच आहे, सगळ्या घराले पाठ आहे. जुना हाताचा पंप फक्त तणाच्या औषधाचा, बॅटरीचा पंप बाकी सगळ्याचा, अन् याचं त्याले लागलं नाही पाहिजे. जुन्या पंपाचं झाकण उघडलं तर आत कोळ्याचं जाळं. या हंगामात त्याले कोणी हातही लावला नव्हता. बॅटरीच्या पंपाचं झाकण उघडलं अन् नाक खाली नेलं. तो उग्र, फिनाईलसारखा वास नाकात जाऊन बसला. माह्या दोन्ही डोळ्यांले पाणी आलं, ऑपरेशनच्याही अन् बिनऑपरेशनच्याही.

पंप उचलून मी बाहेर आली, तेवढ्यात बाया आल्याच. पुढं चंद्रकलाबाई, हातात हळदीकुंकवाचं ताट. मागं गल्लीतल्या चौघी-पाच जणी. वामनराव नारळ घेऊन. जितेंद्र गाडीची चाबी बोटात फिरवत, जशी काय त्याले कुठं जायची घाई आहे. अन् टाक्यावर काजल. तिनं पाण्याची बादली डोक्यावरून घेतलेली होती. साडी अंगाले चिकटलेली, दात वाजून राहिले होते. चंद्रकलाबाईनं तिचं मनगट धरलं होतं, शाळेतल्या पोट्टीले ओढून नेतात तसं.

"थांबा!" मी ओरडली. असा आवाज निघाला की धुऱ्यावरचे बगळे उडाले.

"वं गोपिका, तू बाहेर कशी आली? डोळे जातील ना!"

"माहे डोळे शाबूत आहेत बाई. बाकीच्यांचे गेले आहेत." मी पंप जितेंद्रच्या पायाजवळ आपटला. "जितू, गहू कोणत्या पंपानं फवारला?"

त्यानं चाबी फिरवणं थांबवलं. "काय माहीत. आठवत नाही."

"जुन्या पंपात कोळ्यानं संसार मांडला आहे. आता आठव."

"बॅटरीच्या," तो म्हणाला. "हाताच्या पंपानं खांदा दुखते आई."

"अन् मग त्याच पंपानं टमाटर?"

"धुतला होता मी."

"कितीकदा?"

त्यानं चाबी खिशात टाकली. मग म्हणाला, "टायम नव्हता. ड्यूटी होती. एकदा पाणी फिरवून सांडलं होतं. मले वाटलं तेवढ्यानं जमते."

बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. एकीनं खाली वाकून पान हातात घेतलं. मी त्यांना पहिली ओळ दाखवली, मधातली दाखवली, शेवटची दाखवली. गाजरगवत दाखवलं. गव्हाकडं बोट केलं. शेतातल्या बाया आहेत त्या, त्यांना जास्त सांगावं लागलं नाही. त्यातल्या एकीनं तोंडावर हात ठेवला. "हाव वं माय, मागच्या साली आमच्याही मिरचीचं असंच झालं होतं. आम्ही नजर लागली म्हणून लिंबू बांधले!"

वामनराव नारळ हातात धरून तसेच उभे. हळूच म्हणाले, "झालं ते झालं. घरी चाल गोपिका, घरी बोलू."

"घरी नाही. तिले घरी नव्हतं फिरवायचं, इथंच फिरवायचं होतं ना? मग इथंच बोलू." मी जितेंद्रकडं वळली. पोटचा पोरगा, पण त्या वेळी मले तो परका वाटून राहिला होता. "एक सांग. हे तुले कधी समजलं?"

"आई..."

"कधी समजलं?"

"मंगळवारी," तो खाली पाहत बोलला. "गव्हातलं तण पाहिलं तेव्हा."

म्हणजे चंद्रकलाबाई माह्या दारात आल्या त्याच्या आधी. म्हणजे त्यानं मले व्हायरस सांगितला, 'तिचं काय जाते' म्हटलं, त्याच्या आधी. दुकानदाराले एकच पान दाखवलं तेही समजून-उमजून. काजलनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. तिचे दात वाजायचे थांबले होते.

"माहीत होतं तुले," मी म्हटलं, "अन् तू चूप राहिला?"

"मी तिचं नाव घेतलं नाही आई. आत्याच म्हणाली. मी फक्त काही बोललो नाही. बाबा ओरडले असते, गाव हसलं असतं, स्वतःच्या वाडीत तणाचं औषध मारते म्हणून. बाईमाणसाचं काय, चार दिवस बोलतात अन् विसरतात." मग त्यानं हात जोडल्यासारखे केले. "चूक झाली."

"झाली? चूक काय आभाळातून पडली? पाऊस होते, गारपीट होते. चूक होत नाही रे, करावी लागते. तिले 'माह्यानं चुकलं' म्हणायले लावून राहिला होता ना? मग तुहं तोंड काहून वाकडं होते? नीट म्हण. कोणी केली?"

"मी."

"पुरं म्हण. या बायाईले ऐकू गेलं पाहिजे."

"चूक मी केली," तो म्हणाला. "पंप मी धुतला नाही. काजलले मीच वाडीत बोलावलं. मले माहीत होतं."

मी माही शाल काढून काजलच्या अंगावर टाकली. मले वाटलं, संपलं. खरं सांगते, माह्या छातीवरचा धोंडा उतरला.

तेवढ्यात चंद्रकलाबाईनं ताट या हातातून त्या हातात घेतलं. काजलचं मनगट अजून त्यांनी सोडलंच नव्हतं. "असू दे," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "पोरगं आहे, चुकलं. कमावता पुरुष आहे, त्याच्या मागं सतरा ताण. पण गोपिका, आता ही ओली झालीच आहे. देवाचं नाव घेतलं, नारळ आणला. अर्धवट सोडू नये. एखादा फेरा मारूनच घेऊ दे. काही झालं तरी ती बाहेरची असताना वाडीत गेली, हे तर खरं आहे ना?"

अन् मले दिसलं, बायांच्या माना हलल्या. एकदम नाही, पण हलल्या. वामनरावांनी नारळ वर धरला. माह्या अंगाची लाही झाली. खरं कारण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभं आहे, ते पाहिलं, मान डोलावली, अन् वरून पुन्हा, एखादा फेरा!

काजल बोलली ती तेव्हाच. त्या सगळ्या सकाळीत पहिल्यांदा.

"आत्या," ती म्हणाली, "मले आज सकाळी पुन्हा अडचण आली. आठ दिवसही नाही झाले, पण आली. या धास्तीनंच आली असेल."

चंद्रकलाबाईनं तिचं मनगट असं सोडलं, जसा निखारा हातात आला. दोन पावलं मागं सरकल्या. ताटातलं कुंकू सांडलं.

काजलनं शाल काढून माह्या हातात दिली अन् ती वाडीत शिरली. पिळलेल्या ओळींमधून चालत गेली, थेट त्या टोकाले, गव्हाकडच्या हिरव्या ओळींपर्यंत. ओली साडी पायात अडकत होती. तिनं पहिल्या झाडाले हात लावला. पानावरून, फुलावरून, हिरव्या फळावरून. मग दुसऱ्या झाडाले. एकही झाड सोडत नव्हती.

"अवं काजल!" कोणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडलं. "हात नको लावू वं त्याले! जातील ना तीही!"

मले वाटलं, चंद्रकलाबाई. पण त्यांचं तर तोंड बंद होतं, त्याही वळून पाहून राहिल्या होत्या. ओरडला होता जितेंद्र. ज्यानं पंप भरला, ज्याले मंगळवारपासून सगळं माहीत होतं, ज्यानं आताच आपल्या तोंडानं सांगितलं, तो.

ओरडला अन् त्याचा त्यालेच आपला आवाज ऐकू आला. हात हवेत तसाच राहिला.

"कशानं जातील रे जितू?" मी विचारलं.

तिकडं काजलनं वाकल्या वाकल्या मान वर केली अन् एकदा त्याच्याकडं नीट पाहून घेतलं. मग ती पुढच्या झाडाकडं वळली.